न हललेली भिंत

ग्युमरी, जानेवारीअखेर

प्रिय वार्सेनिक,

तुझं अभिनंदनाचं पत्र परवाच्या टपालगाडीने पोचलं. ताचातने ते शेकोटीपाशी उभं राहून मोठ्याने वाचलं, आणि संपलं तेव्हा पेप्रोन म्हणाली, "एवढंच?" माझ्या पुतणसुनेचं नि माझं एकमत वर्षातून एखाददा होतं, ते या वर्षीचं झालं. तिफ्लिसच्या बाजारातल्या वांग्यांवर दोन पानं लिहिणारी तू. तुझ्या एकुलत्या भावाला, ताचातला, पहिला मुलगा झाला, त्याच्या बाप्तिस्म्याला कावोर, म्हणजे धर्मपिता, म्हणून शहराचे वास्तुविशारद आवेतिक बेहबुद्यान उभे राहणार, आणि त्यावर तुझ्या चार ओळी. त्यातल्या दोन थंडीवर. तुझी तब्येत बरी नाही असं ताचातचं मत पडलं. मला मात्र संशय आला. संशय हाच माझा खरा व्यवसाय आहे हे तू जाणतेस. शाळेत पोरांना आपली जुनी भाषा शिकवतो ती केवळ उदरभरणासाठी.

बाप्तिस्मा बारेकेंदानच्या आदल्या रविवारी ठरला आहे, म्हणजे उपवास लागण्याआधी मटण खाऊन घेता येईल. त्या दिवशी बेहबुद्यान मुलाला हातांत घेऊन कुंडापाशी उभे राहतील, आणि मग ते आपले क्रुसाचे नातेवाईक. ताचातचा भाऊ, म्हणजे तुझाही भाऊ. रक्ताच्या नात्यात एखादा दूरचा संबंध असला तर बिशपसाहेब पापण्या मिटून परवानगी देतात, पण क्रुसाच्या नात्यात सोयरीक नाही ती नाहीच, सात पिढ्या नाही. हे तुला सांगायची गरज नव्हती. तरीही लिहिलं, कारण पुढचं सगळं त्याच एका पायावर उभं आहे.

हा माणूस गावात आला तेव्हा तू अजून शिकत होतीस, त्यामुळे आरंभीचा संशय तुला ऐकीव आहे. पीटर्सबर्गला शिकलेला, तिथलं पदक मिळवलेला इंजिनियर आपल्या गावी नोकरीला येतो ही गोष्टच कुणाच्या गळी उतरेना. झार्दार आजी भिंतीपलीकडून मला म्हणाली, "एक तर पळून आलाय, नाहीतर हाकलून दिलाय." मी म्हटलं, "बदली झाली असेल, आजी." तर म्हणते, "तेच ते, मास्तर. सरकारी बोलीत." पहिल्या ईस्टरला बाजाराच्या कमानींचं काम हवं असलेल्या कंत्राटदाराने त्याच्याकडे मेंढ्याची अख्खी मांडी पाठवली. त्याने ती आपले पाद्री तेर हुसिक यांच्याकडे पाठवून दिली. तेर हुसिकांनी आशीर्वाद देऊन ती खाल्ली, आणि गावाने एकमुखाने निकाल दिला: कमी पडली असणार.

मग घळीवरचा पूल झाला. कमानीखालचा लाकडी आधार काढायच्या दिवशी सगळं ग्युमरी दोन्ही काठांवर जमलं होतं, खिशात सूर्यफुलाच्या बिया घेऊन. पडला तर पाहायला मिळेल, न पडला तर टोपी काढून नमस्कार करू, असा आपल्या लोकांचा निःपक्षपाती विचार. बेहबुद्यान खाली उतरला, बरोबर कमानीच्या मध्याखाली एका दगडावर बसला आणि गवंडी आधाराच्या पाचरी ठोकून काढत असताना उकडलेलं अंडं सोलत राहिला. लोक म्हणाले, शूर आहे. झार्दार आजी म्हणाली, "नाटकी आहे." मी त्या दिवशी आजीच्या पक्षाचा होतो. जो माणूस स्वतःच्या कामावर एवढा विश्वास ठेवतो त्याच्यावर दुसऱ्या कुणी आणखी ठेवायचं कारण मला दिसेना.

तेव्हा मी काय केलं ते तुला कधी सांगितलं नव्हतं. लाइपझिगला माझ्याबरोबर संस्कृत शिकलेला, आणि ते माझ्यापेक्षा लवकर विसरून मोठ्या हुद्द्यावर गेलेला एक मित्र तिफ्लिसच्या सरकारी कचेरीत आहे. त्याला विचारलं, हा प्राणी कोण. उत्तर आलं ते असं: अखाल्त्सिखच्या पाथरवटाचा मुलगा. बाप थडग्यांवरचे क्रूस कोरायचा. पोरगा शिष्यवृत्तीवर वर गेला, खिंडीच्या रस्त्यावरचा पूल त्याने बांधला, युद्धानंतर कार्सला शिपायांच्या बराकी बांधायला गेला. तिथे चुन्यात माती मिसळलेली निघाली. वरिष्ठ म्हणाले, जरा सांभाळून घ्या. त्याने सही केली नाही आणि बदली मागितली. मग बातूमला धान्याची कोठारं. पाया उथळ निघाला, सही केली नाही, बदली मागितली. पुढच्या गावीही तेच. भांडण नाही, वर्तमानपत्रात आरोप नाही, वरिष्ठांच्या दारात ठाण मांडणं नाही. दोष दिसला की हा सही करत नाही आणि ट्रंक भरतो. मित्राने शेवटी लिहिलं होतं: "त्याची सगळी कारकीर्द म्हणजे न केलेल्या सह्या." इतक्या गावांत इतके लोक चूक आणि हा एकटा बरोबर, हे कुठल्याही न्यायशास्त्रात बसत नाही, असं मी तेव्हा मनाशी म्हटलं आणि संशय कायम ठेवला.

गेल्या वसंतातला भूकंपाचा धक्का तू घरी असताना बसला. ताटं खणखणली, झार्दार आजी अर्ध्या केसांना मेंदी लावून रस्त्यात आली, आणि दुसऱ्या दिवसापासून बेहबुद्यान घरोघर हिंडू लागला. हातात ओळंबा, खळीचं भांडं आणि पातळ कागदाच्या पट्ट्या. जिथे भिंतीला भेग, तिथे आडवी पट्टी चिकटवायची. भेग वाढली तर कागद फाटेल, न वाढली तर राहील. त्याने समजावून सांगितलं, आणि समजावून सांगितल्यामुळेच कुणाचा विश्वास बसला नाही. ज्या घरांवर कागद ती घरं पाडणार आणि बाजारापासून किल्ल्यापर्यंत नवा रस्ता काढणार, ही बातमी त्याच्या आधी घरी पोचायची. बायकांनी पट्ट्या खरवडून काढल्या. आजीने तर त्याच्यासमोर काढली. "माझ्या भिंतीला पोटीस लावायला ती आजारी आहे का रे? आजारी मी आहे. मला लाव."

आपल्या बैठकीतल्या कोनाड्यावर मात्र त्याने पट्टी लावली आणि ती कुणी खरवडली नाही. तिचं एकच दुखणं: ती फाटायची. तो आठवड्याने यायचा, पट्टी पाहायचा, "हलतेय" एवढाच शब्द उच्चारायचा, जुनी काढून खिशात घालायचा, नवी लावायचा. मग तू चहा आणायचीस, तुतीचा मुरंबा आणायचीस, आणि तो बसायचा. काय बोलायचात तुम्ही? मी कान देऊन ऐकत असे. पाण्याच्या नळांचा उतार. मुलींच्या वर्गात खिडक्या डावीकडे का असाव्यात. एकदा पाऊण तास कवेलूंवर. माझ्या कानांना त्यात आक्षेपार्ह काही सापडलं नाही, त्यामुळे मला आणखीच संशय आला. ताचातचा तर रंगच उडाला होता. भिंत चालू लागली म्हणून त्याने गरोदर पेप्रोनला मागच्या, चीजच्या रांजणांच्या खोलीत हलवलं, आणि ती तिथून ओरडायची, "भिंतीखाली मेले असते तर निदान वास तरी सुटला नसता."

ऑगस्टमध्ये द्राक्षांना आशीर्वाद देऊन झाला आणि तू नोकरीवर तिफ्लिसला निघून गेलीस. त्यानंतर भिंत हलली नाही.

ताचातने त्याचं श्रेय थंडीला दिलं: भेग गोठली. मला ते पटलं नाही, कारण बेहबुद्यान तरीही येत राहिला. दर आठवड्याला नाही, पण येत राहिला. पट्टीसमोर उभा राहायचा आणि "स्थिर आहे" म्हणायचा, ते अशा आवाजात की जणू घरातलं कुणी दगावल्याची बातमी देतोय. चहा पेप्रोन देई, तो तो अर्धाच पिई. आता तूच विचार कर. भिंत हलत नाही, मुलगी घरात नाही, तरी हा येतो, म्हणजे याचा डोळा कशावर? झार्दार आजी म्हणाली, "मुलीवर." मी म्हटलं, "मुलगी तिफ्लिसला आहे, आजी. डोळा घरावर आहे. रस्ता इथून काढायचाय त्याला, आधी सलगी करून घेतोय." आजी म्हणाली, "मास्तर, तुम्ही पुस्तकं वाचता ती उलटी धरून वाचता का?"

डिसेंबरात मुलगा झाला. आपले पिढीजात कावोर कॉलऱ्यात गेले, त्यांच्या घरात आता क्रूस धरायला पुरुष उरला नाही, हे तुला माहीत आहे. नवा कावोर शोधायचा होता. तेव्हा माझ्या सुपीक डोक्यात एक परीक्षा निघाली. बेहबुद्यानला विचारायचं. त्याच्या मनात तुझ्याविषयी काही असेल तर तो नाही म्हणेल, कारण हो म्हणणं म्हणजे ते दार स्वतःच्या हाताने लावून घेणं. आणि हो म्हणाला, तर त्याच्या मनात तसलं काही नाही. शिवाय घरावर डोळा असलाच तरी स्वतःच्या क्रुसाच्या मुलाचं घर कुठला माणूस पाडेल? ताचातला कल्पना पसंत पडली. त्याने रीतसर सफरचंद आणि कोन्याकची बाटली नेली, मी साक्षीला गेलो. बेहबुद्यान उठून उभा राहिला. बराच वेळ त्या सफरचंदाकडे पाहत होता. मग म्हणाला, "माझा मान आहे." मी विजयी मुद्रेने घरी आलो आणि आजीला भिंतीवरून ओरडून सांगितलं, "हो म्हणाला. आता बोला." आजी दोरीवरचे कपडे काढत होती. ती वळलीसुद्धा नाही. "अहो, क्रुसाला नाही कोण म्हणतं? तुम्ही म्हणाला असतात?"

वार्सेनिक, डोंगरावर धूर दिसला की तिथे अग्नी आहे असं अनुमान करायला लाइपझिगच्या त्या म्हाताऱ्या पंडिताने मला दोन वर्षं शिकवलं. जी खूण अग्नी असतानाही दिसते आणि नसतानाही दिसते तिच्यावरून काही सिद्ध होत नाही, तिला सव्यभिचार हेतू म्हणतात, हेही त्यानेच शिकवलं. आपल्यात कावोरपण नाकारलं जात नाही. चोरही नाकारत नाही आणि संतही नाही. ज्या परीक्षेत सगळेच पास होतात ती मी घेतली. झार्दार आजीला सही करता येत नाही, तिने कपड्यांच्या घड्या घालता घालता माझा हेत्वाभास दाखवून दिला. तरीही मी मनाची समजूत घातली की निष्पत्ती तर चांगलीच झाली: घर सुरक्षित, कावोर प्रतिष्ठित.

गेल्या आठवड्यात बाप्तिस्म्यासाठी बैठकीला चुन्याचा हात द्यायचा म्हणून पेप्रोनने मला कोनाडा रिकामा करायला लावलं. ती शेवटची पट्टी अजून तिथेच आहे. मी चष्मा लावून जवळून पाहिली, ऑगस्टनंतर प्रथमच. पट्टी अखंड आहे, पण खालच्या कडेला बोटाच्या पेराएवढा एक छेद आहे. सरळ. अगदी सरळ, आणि कडा बिनतंतूंच्या, जशा भरतकामाच्या बारीक कात्रीने येतात. भूकंपाला तसली कात्री वापरताना मी पाहिलेलं नाही. घरात ती एकाच व्यक्तीकडे होती आणि ती व्यक्ती कात्रीसह तिफ्लिसला आहे. छेद अर्ध्यावर का राहिला हे मी विचारत नाही. गाडीवान बाहेर ओरडत होता, एवढं मला आठवतं.

पेप्रोनला मी म्हटलं, एवढा भाग चुना न लावता ठेव. ती म्हणाली, "कागदाला का?" मी म्हटलं, "पुरातत्त्व." ती म्हणाली, "तुमचंच पुरातत्त्व झालंय, काका," पण ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बेहबुद्यानला गाठलं. तो गावाबाहेर नळाचा सांधा तपासत होता, बर्फात गुडघ्यावर बसून, पाथरवटाच्या पोरासारखा. मी म्हटलं, "इंजिनियरसाहेब, भिंत हलली की कागद कसा फाटतो?" तो म्हणाला, "वेडावाकडा. तंतू निघतात." मी म्हटलं, "आणि आमचा?" त्याने हात पुसले. "तुमचा सरळ." "दर वेळी?" "दर वेळी." "मग हलतेय, हलतेय असं कशासाठी म्हणत होतात? माझी सून चार महिने चीजच्या रांजणात झोपली." तेव्हा तो हसला, मी त्याला हसताना पाहिलेलं नव्हतं. म्हणाला, "मास्तर, सगळ्या नोकरीत मी एकच खोटी गोष्ट पास केली. तुमची भिंत."

मी म्हटलं, "मग क्रूस का घेतलात?" म्हणाला, "तुम्ही दिलात. क्रूस परत करतात का? आणि तिने मला कधी एका शब्दाने काही सांगितलेलं नाही. कात्रीने कागद कापला त्याचा अर्थ मी माझ्या सोयीने लावला असेन. घरच्या मोठ्यांनी हा अर्थ नको असं सुचवलं, मी समजलो." बघ आता. मी घेतलेली परीक्षा त्याला नकार वाटली. मी विचारलं, "पुढे काय?" तर म्हणाला, "बाप्तिस्मा झाला की बाकूला जातो. बदलीचा अर्ज गेलाय." "ट्रंक भरली असेल." "भरतोय." आणि पुन्हा सांध्याकडे वळला. नव्या रस्त्याचंही जाता जाता विचारून घेतलं. रस्ता आपल्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडून जातो, आणि तो तसा जाईल हे भूकंपाच्या, पहिल्या चहाच्या आधीच ठरलेलं होतं. माझा तोही संशय गेला. या वयात एका आठवड्यात इतके संशय जाणं प्रकृतीला बरं नाही.

वाटेत मी तेर हुसिकांकडे डोकावलो आणि आडून विचारलं, की समजा कावोर म्हणून घरातलाच माणूस उभा राहिला तर शास्त्राला चालतं का. त्यांनी दाढी खाजवली. "घरातला म्हणजे तुम्ही? रीत नाही, पण पापही नाही. श्रद्धेचं कलम पाठ आहे का, मास्तर?" मी म्हटलं, "तीन भाषांत." ते म्हणाले, "देवाला एक पुरते."

आता तुझ्यावरचा संशय. कदाचित तू ते कागद नुसतेच कापलेस. ग्युमरीच्या उन्हाळ्यात करमत नाही आणि हाताशी कात्री असते. कदाचित तुझ्या चार ओळी खरोखरच थंडीमुळे आखडल्या असतील. माझी अनुमानं कशी निघतात ते तू आत्ताच वाचलंस, म्हणून या वेळी मी अनुमान करत नाही, विचारतो. आणि हे पत्र त्यासाठीच लिहिलं. ताचातला, पेप्रोनला यातलं काही माहीत नाही. पत्र पोचेल त्यानंतर रविवार फार दूर नसेल, तेव्हा तार कर. तारबाबू सगळं वाचतो आणि दुपारपर्यंत बाजारात पोचवतो, म्हणून एखाददुसराच शब्द लिही. "राहू द्या" असं आलं, तर बेहबुद्यान मुलाला हातांत घेतील, तुझे भाऊ होतील आणि बाकूला जातील, आणि मी हे पत्र लिहिलंच नव्हतं. "धरा" असं आलं, तर त्या रविवारी मी कुंडापाशी जाऊन म्हणेन की हा क्रूस मला हवा, म्हातारपणी लहर आली. भर चर्चमध्ये गाव हसेल, ताचात महिनाभर बोलणार नाही, आणि मास्तर लाइपझिगहून डोकं बिघडवूनच आला होता हा त्यांचा जुना संशय एकदाचा खरा ठरेल. बेहबुद्यानांना मी आदल्या दिवशी एवढंच सांगेन की ट्रंक उघडी ठेवा. कारण विचारणार नाहीत, ते हिशेबी माणूस आहेत. माझी अडचण एकच. आजवर कुणीही मला मूल हातात दिलेलं नाही, त्यामुळे तार लवकर कर, म्हणजे मानेखाली हात कसा घालायचा ते मला पेप्रोनकडून शिकून घेता येईल.

तुझाच, आणि या खेपेला चुकायची मुळीच इच्छा नसलेला,
हमाझास्प काका